घरचा माणूस पाहुण्यांच्या यादीत

पेन ड्राइव्ह काढायचा म्हणून मी घड्याळाशेजारच्या चिमुकल्या आयकॉनवर टिचकी मारतो आणि यादी उघडते. वर पेन ड्राइव्ह, ते बरोबरच. त्याच्या खाली मात्र 2 टीबीची हार्ड डिस्क असते. ही बाई चार स्क्रूंनी कॅबिनेटच्या पिंजऱ्यात आवळलेली, एका अंगाला डेटा केबल, दुसऱ्या अंगाला पॉवर केबल, आणि वर पत्र्याचं झाकण. तरी विंडोज अदबीनं विचारतं, 'इजेक्ट करू का?' जणू ती चहा घेऊन निघायच्याच बेतात आहे.

आणि टेबलावर वायरीला लोंबकळणारी यूएसबी हार्ड डिस्क? 'धिस पीसी'मध्ये तिच्या नावापुढे रुबाबात 'लोकल डिस्क'. घरजावयाचा थाट! यात विंडोजचं एक तर्कशास्त्र आहे. सीडी किंवा मेमरी कार्ड म्हणजे यंत्रातून काढता येणारं माध्यम. यूएसबी हार्ड डिस्कची तबकडी तिच्या डबीतून निघत नाही, म्हणून ती लोकल. पण अख्खी डबीच उपटता येते, म्हणून काढायच्या यादीतही ती असतेच.

आतल्या डिस्कचा घोळ वेगळा. तिचं मूळ डिस्क मदरबोर्डाला जोडणाऱ्या साटा नावाच्या जोडणीत आहे. त्याआधीच्या आयडीई जोडणीच्या जमान्यात 40 पिनांची पट्टी, मास्टर-स्लेव्हचे जंपर, आणि मशीन चालू असताना केबलला हात लावायची कोणाची टाप नव्हती. साटा आलं ते चालू मशीनमध्ये डिस्क बदलता यावी ही सोय घेऊनच. त्यासाठी डिस्कच्या कनेक्टरवरच्या काही अर्थिंगच्या पिना मुद्दाम लांब ठेवल्या, म्हणजे डिस्क खोचताना आधी अर्थिंग टेकतं आणि मग वीज. सर्व्हरवाल्यांना हे वरदानच. आपल्या घरी कोणी चालू पीसीतून डिस्क ओढणार नाही, पण सोय मदरबोर्डवर असतेच, आणि बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा बोर्डावरचा प्रोग्राम, प्रत्येक पोर्टबद्दल (केबल खोचायच्या खाचेबद्दल) सांगतं की हा 'हॉट प्लग'वाला, म्हणजे चालू मशीनमध्ये काढ-घाल चालणारा, आहे की नाही. विंडोजचा साटा ड्रायव्हर, म्हणजे ही जोडणी सांभाळणारा प्रोग्राम, ते मुकाट ऐकतो. झाकण, स्क्रू, पिंजरा यातलं त्याला काही दिसत नाही. पोर्टनं 'मी दार आहे' म्हटलं की दारापाशी बसलेला तो पाहुणा.

सी ड्राइव्हची डिस्क तेवढी सहसा या यादीत येत नाही. स्वतः बसलेली फांदी तोडू नये इतकी अक्कल विंडोजला आहे.

चुकून इजेक्ट झालीच, तर आधी छातीवरचा हात काढा. त्या डिस्कवरची एखादी फाइल उघडी असेल तर विंडोज बहुधा 'वापरात आहे' म्हणून नकारच देतं. ती खरोखर निघाली तरी डेटा जागच्या जागी असतो; फक्त ड्राइव्ह दिसेनासा होतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' करा, नाहीतर मशीन रीस्टार्ट करा.

कायमचा इलाज पहिल्यांदा बायोसमध्ये शोधावा. साटा कॉन्फिगरेशनच्या पानावर बऱ्याच बोर्डांत प्रत्येक पोर्टापुढे 'हॉट प्लग' असतं. आतल्या डिस्कांच्या पोर्टांना 'डिसेबल्ड' करून सेव्ह करायचं. ट्रेमधून डिस्क बदलत असाल किंवा बाहेरच्या डिस्कसाठी ईसाटाची (बाहेरच्या साटाची) वायर काढली असेल, तर तो पोर्ट सोडून द्या. त्याच पानावर 'साटा मोड' नावाचं एक लाल मिरचीचं भांडं असतं. त्याला हात लावायचा नाही. तिथे एएचसीआय (साटा चालवायची नेहमीची पद्धत) असताना ते बदलून दुसरं काही केलंत की विंडोज सुरू होताना निळा पडदा दाखवतं आणि बूट डिस्क सापडत नाही म्हणून रडतं. आणखी एक: बोर्डावरचा सीआर2032 सेल मेला किंवा बायोस अपडेट केलं, की ही सेटिंग बहुतेक वेळा मूळपदावर जाते आणि डिस्क पुन्हा पाहुणी.

बायोसमध्ये तो पर्यायच नसेल तर रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची वही. तिथे लिहिणं म्हणजे डिस्कचं नाव रेशनकार्डावर चढवणं. आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिस्कची प्रॉपर्टीज उघडून 'लोकेशन'मधला बस नंबर कागदावर लिहून घ्या. मोजणी शून्यापासून असते. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीनखाली सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, सर्व्हिसेस, स्टोरएएचसीआय, पॅरामीटर्स, डिव्हाइस असं उतरत जा. तिथे 'ट्रीट ॲज इंटर्नल पोर्ट' (TreatAsInternalPort) या नावाची नवी 'मल्टी-स्ट्रिंग' व्हॅल्यू करायची. नाव इंग्रजीत सलग लिहायचं, मध्ये जागा सोडायची नाही. आत बस नंबर लिहायचा. डिस्का अनेक असतील तर दर ओळीला एक. मग रीस्टार्ट. ही वाट विंडोज 8 पासून पुढची. विंडोज 7 मध्ये ड्रायव्हर एमएसएएचसीआय, आणि तिथे प्रत्येक चॅनेलखाली वेगळी नोंद करावी लागते.

एवढं करूनही नाव यादीतून हलत नाही, याची कारणं ठरलेली. व्हॅल्यूचा प्रकार 'मल्टी-स्ट्रिंग'ऐवजी 'डीवर्ड' निवडलेला असतो. किंवा नंबर स्वल्पविराम देऊन एकाच ओळीत कोंबलेले असतात. किंवा कंट्रोलरवर मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर नसून चिपसेटवाल्यांचा असतो, आणि तो हे रेशनकार्ड ओळखतच नाही. कंट्रोलरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ड्रायव्हर डिटेल्स' उघडून स्टोरएएचसीआय दिसतंय का, हे आधीच बघावं. आयकॉनच लपवून टाकायचा सल्लाही काही जण देतात. तो डोकं दुखतं म्हणून टोपी घालण्यातला. मग पेन ड्राइव्ह काढायला तो आयकॉन शोधत बसा.

सगळं नीट जमलं की यादीत एकटा पेन ड्राइव्ह उरतो. त्यावर टिचकी मारली की उत्तर येतं: 'हे उपकरण वापरात आहे.' कोण वापरतंय, हे तिथे सांगत नाहीत. त्यासाठी इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टिमच्या नोंदींत कर्नल-पीएनपीची 225 क्रमांकाची नोंद शोधायची. पेन ड्राइव्ह धरून ठेवणाऱ्याचं नाव तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं. पुष्कळदा ते नाव असतं 'सिस्टिम'.