नेट आभाळातून येतं म्हणता? मग पिंग बघा

परवा सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच फॉरवर्ड आला. याआधी तो मला चुलतभावाकडून आलाय, शाळेच्या ग्रुपवर आलाय, आणि एकदा तर चक्क आमच्या नेट जोडून देणाऱ्या पोराकडून आलाय. मजकूर थोडक्यात असा: "आपलं इंटरनेट थेट उपग्रहातून येतं. म्हणूनच पावसाळ्यात नेट मंदावतं. समुद्राखालच्या तारा इंग्रजांच्या काळातल्या, त्या आता कोणी वापरत नाही. जीपीएस आणि नेटचे उपग्रह एकच. कंपन्या केबलच्या नावाखाली फुकटच्या लहरींचे पैसे उकळतात. स्टारलिंक आलं की टॉवर आणि केबल भंगारात!" खाली अकरा अंगठे.

"थेट उपग्रहातून" इथूनच सुरुवात करू. गच्चीवरची डीटीएचची छत्री ज्या उपग्रहाकडे तोंड करून बसलेली असते, तो विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तुम्ही एखाद्या पानावर बोट टेकवलंत की मागणी तिथवर चढणार, खाली उतरणार, मग उत्तर पुन्हा चढणार आणि उतरणार. चार फेऱ्या, म्हणजे जवळजवळ १ लाख ४३ हजार किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. म्हणजे वाटेत कुठेही न रेंगाळता अर्धा सेकंद प्रवासातच गेला. मिलिसेकंदांत सांगायचं तर सुमारे ४७७. हा आकडा कुठलीही कंपनी, कितीही महागडा प्लॅन देऊन कमी करू शकत नाही.

आता फोनवर स्पीड टेस्ट लावा आणि 'पिंग' लिहिलेला आकडा बघा. जाऊन परत यायला लागलेला वेळ तोच. माझ्या घरी, पुण्यात, फायबरवर, म्हणजे काचेच्या तंतूंच्या केबलवर, तो ६ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. मोबाइलवर जरा जास्त येईल, पण ४७७ च्या जवळपासही जाणार नाही. लंडनपर्यंतचा हिशेबही जमतो: काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, समुद्रातून वळसे घेत जाणारी केबल १२ हजार किलोमीटर धरली तरी जाऊन-येऊन १२० मिलिसेकंद. उपग्रहाच्या चौथाईत काम झालं. शिवाय खिशातला फोन फोरजीवर फार तर ०.२ वॅटने बोलतो. तेवढ्या ताकदीवर तो जवळच्या टॉवरपर्यंत पोचतो. टॉवरपासून पुढचा रस्ता थेट जमिनीखालून, नाहीतर छोट्या डिशांनी टॉवर-टॉवर करत शेवटी जमिनीखालून.

हा गैरसमज मात्र हवेतून आलेला नाही. एके काळी परदेशी फोन खरोखर उपग्रहावरून जात. नारायणगावजवळच्या आर्वीला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून त्यासाठी मोठी डिश उभी होती. आपण "हॅलो" म्हणायचं, थांबायचं, तोवर पलीकडचाही "हॅलो" म्हणायचा आणि दोघांची टक्कर व्हायची. ज्यांचे नातेवाईक त्या काळी अमेरिकेत होते त्यांना ती टक्कर आठवत असेल. ती याच अंतराची करामत होती. (त्याच भागातल्या खोडदच्या अवाढव्य डिशा दाखवून "इथून नेट येतं" सांगणारेही मला भेटलेत. ती जीएमआरटी, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशांची रेडिओ दुर्बीण. ती आकाशगंगांचं ऐकते, आपल्या रील्सचं नाही.)

"इंग्रजांच्या काळातल्या तारा." अर्धं खरं! १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन (आजच्या येमेनमधलं बंदर) तारायंत्राची केबल टाकली आणि मुंबई समुद्राखालून लंडनशी जोडली गेली. पण ती तांब्याची होती. आजच्या केबलमध्ये केसाएवढे काचेचे तंतू असतात. खोल समुद्रात सगळी केबल मिळून बागेत पाणी घालायच्या पाइपएवढी जाड, आणि दर ५०-१०० किलोमीटरवर प्रकाशाला पुन्हा जोर देणारं यंत्र. खंडाखंडांमधली ९५ टक्क्यांहून जास्त माहिती याच वाटेने जाते. मुंबईच्या किनाऱ्यावर अशा कितीतरी केबली वर येतात.

त्या वापरात आहेत की नाहीत, हे त्या तुटल्या की कळतं. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारताची निम्म्याच्या आसपास क्षमता एका फटक्यात गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ पुन्हा तेच झालं आणि भारतातलं नेट रखडलं. आभाळातून येणारं नेट समुद्राच्या तळाशी कसं काय तुटतं, याचं उत्तर फॉरवर्डमध्ये नाही.

उपग्रहावर विसंबून राहणं म्हणजे काय, ते लक्षद्वीपला विचारावं. तिथे खरोखरच उपग्रहावर भिस्त होती. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून आलेल्या समुद्राखालच्या केबलचं उद्घाटन झालं, तेव्हा सरकारनेच आकडे दिले: आधीची क्षमता १.७ जीबीपीएस (सेकंदाला इतके गिगाबिट माहिती), नंतर २०० जीबीपीएस.

पावसाचं काय? टीव्ही जातो, कारण डीटीएचच्या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात. त्यावरून नेटही तसंच, असा तर्क लोक लावतात. घाटात, कोकणात काही टॉवर एकमेकांशी छोट्या डिशांनी जोडलेले असतात, तिथे मुसळधार पावसाचा फटका बसतो, हे मान्य. पण बहुतेक वेळा वीज गेलेली असते, टॉवरच्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात किंवा केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरलेलं असतं. आणि भर उन्हाळ्यात नेट गेलं तर आधी गल्लीच्या तोंडाशी जेसीबी दिसतो का बघा.

जीपीएसचे उपग्रह वेगळे, २०,२०० किलोमीटरवर, आणि फोन त्यांचं फक्त ऐकतो, त्यांना काही पाठवत नाही. म्हणून नेट बंद असलं तरी नकाशावरचा निळा ठिपका सरकत राहतो. "फुकटच्या लहरी" या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. उपग्रह काय, स्पेक्ट्रम (कंपन्यांना मिळणारे लहरींचे पट्टे) काय, फुकट काहीच नसतं.

उरलं स्टारलिंक, म्हणजे इलॉन मस्कच्या कंपनीचं उपग्रहावरून येणारं नेट. इथे मला माझाच पहिला हिशेब बाजूला ठेवावा लागतो, कारण त्यांचे उपग्रह जेमतेम पाच-साडेपाचशे किलोमीटरवर फिरतात आणि पिंग खरोखर कमी येतो. त्यांना २०२५ मध्ये भारतात परवानाही मिळाला. मेळघाटातल्या पाड्यावर किंवा भर समुद्रातल्या जहाजावर ही सोय सोन्यासारखी ठरेल. पण एका उपग्रहाची क्षमता त्याखालच्या सगळ्यांत वाटली जाते. दादरच्या दाट वस्तीत ती कोणाकोणाला पुरणार? शिवाय तुमची मागणी उपग्रहावरून शेवटी जमिनीवरच्या एका केंद्रात उतरते, आणि ते केंद्र पुढे फायबरलाच जोडलेलं असतं. केबल भंगारात काढली तर आधी स्टारलिंकच बंद पडेल.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. तळमजल्यावरच्या काकांनी लगेच पिंग मोजला. सात आला. त्यांचं उत्तर: "सातच? म्हणजे उपग्रह आपल्या बिल्डिंगच्या अगदी डोक्यावर आहे की!"

अकरा अंगठे.