फ्रीमाँटच्या खाजणातलं गवत: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या खाजणात पसरलेलं स्पार्टिना नावाचं बाहेरचं गवत तणनाशक फवारून काढतात, त्यावर तुम्ही लिहिलंय, 'हिरव्यागार गवतावर विष मारायचं, दुर्मीळ पक्ष्याचा आसरा काढून घ्यायचा, आणि वर त्याला निसर्गरक्षण म्हणायचं? हाताने उपटायला काय होतं?' प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण प्रश्न रास्त आहेत.

आधी उपटण्याचं बघू. स्पार्टिना जमिनीखाली आडव्या खोडांनी पसरतं. चिखलात उभं राहून ओढलं की पाती हातात येतात, खोडाचे तुकडे खालीच राहतात आणि पुन्हा फुटतात. ज्यांनी शेतातली हरळी काढलीय त्यांना वेगळं सांगायला नको. छोटा पुंजका खणून काढता येतो, काढतातही. पण २००५ च्या सुमारास बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती, ते शेकडो एकर पसरलं होतं. फवारतात ते इमॅझापायर हे तणनाशक वनस्पतींमधलं एक एन्झाइम रोखतं, जे प्राण्यांत नसतं. (म्हणून ते प्यायचं असं नव्हे!)

'गवतच ते, राहू दे' हे मात्र मला पटत नाही. हे अटलांटिक किनाऱ्याचं गवत. तिथे ते घरचं आणि उपयोगाचं. १९७० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्याच अभियंता दलाने ते फ्रीमाँटजवळ आणून लावलं. कोयोटी हिल्सला फिरायला जाणाऱ्या आपल्या मंडळींना हा भाग ठाऊक असेल. इथल्या मूळ स्पार्टिनाशी त्याचा संकर झाला आणि खरी पंचाईत सुरू झाली. संकरित गवताचे पराग इतके की मूळ गवताचं बीसुद्धा संकरित निघतं. हात न लावता सोडलं तर दोघं शेजारी नांदणार नाहीत, मूळ गवत संपेल. शिवाय हे गवत उघड्या चिखलावरही उतरतं, जिथे ओहोटीला स्थलांतरित पक्षी चरतात.

पक्ष्याचा मुद्दा मात्र बिनतोड. रिजवेज रेल हा पाणकोंबडीच्या कुळातला, १९७० पासून संकटग्रस्तांच्या यादीत. मोठ्या भरतीत लपायला त्याला हे उंच, दाट गवत सोयीचं पडलं. ते झपाट्याने निघालं तिथे रेलही घटले. म्हणून २०११ मध्ये काही जागी काम थांबवलं गेलं. दुसरीकडे मूळ स्पार्टिना आणि गमप्लँट या इथल्याच झुडपाची लागवड हाती घेतली. माझ्या मते ही लागवड आधीच व्हायला हवी होती. पण झुडपं दाट व्हायला वेळ लागतो, आणि तोवर न काढलेल्या गवताचं बी भरतीबरोबर दुसऱ्या खाजणांत पोचतं. फवारणी बंद करा म्हणताना या बियांचं काय करायचं, तेही जरूर लिहा.