बाबांनी चाचांकडे आधार कार्ड मागितलं

सकाळपासून डोकं ठिकाणावर नाहीये. लिहिल्याशिवाय राहवणार नाही. लांबलं तर सांभाळून घ्या.

कराडला आमच्या घरी गेली बारा वर्षं महिन्यातून एका रविवारी एक भंगारवाले येतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांच्या काट्यावर आईचा कायम संशय, पण बाबा त्यांना पायरीवर बसवून चहा देणार, मुलीच्या दहावीचं विचारणार. आज बाबांनी त्यांना फाटकातच अडवलं आणि म्हणाले, "आधी आधार कार्ड दाखवा." चाचांना वाटलं, गुरुजी गंमत करतायत. ते हसले. बाबा हसले नाहीत. चाचा रद्दी न घेताच गाडी ढकलत निघून गेले.

सुट्टीला आले होते म्हणून डोळ्यांनी बघितलं, नाहीतर विश्वास बसला नसता. हा माणूस छत्तीस वर्षं शाळेत शिकवत होता. पालावरची पोरं वर्गात यावीत म्हणून सायकलवरून वणवण फिरायचा.

दुपारी बाबा झोपले तेव्हा मी त्यांचा फोन घेऊन बसले. निवडणूक लागल्यापासूनचे व्हिडिओ एकामागून एक. "तुमच्या गल्लीत कोण शिरतंय, माहीत आहे का?" "ज्येष्ठांनो, दार उघडण्याआधी विचार करा." खाली आमच्याच वॉर्डातल्या एका उमेदवाराचा फोटो. मग आईचा फोन उघडला. तोच उमेदवार, तोच हात जोडलेला फोटो, आणि शब्द काय? "माऊली, गुडघे दुखतायत? आपल्या भागात मोफत तपासणी शिबिर." आई गेले सहा महिने फोनला गुडघेदुखीवरचे उपाय विचारतेय. चोर नाहीत, परके नाहीत, भीती नाही. दोघं एकाच सोफ्यावर बसतात, एकाच केंद्रावर मत देतात. आई म्हणते, मायाळू माणूस आहे गं. बाबा म्हणतात, असाच कडक माणूस पाहिजे.

खोटी आश्वासनं आपल्याला नवी नाहीत. पण पूर्वी पुढारी चौकात माईकवर बोलायचा, सगळ्यांच्या देखत. दुसऱ्या दिवशी विरोधक त्याच चौकात त्याचे वाभाडे काढायचा आणि आठवडाभर पारावर भांडणं चालायची. बाबांच्या कानात जे सांगितलं गेलं त्याला कोण उत्तर देणार? ते दुसऱ्या कुणी ऐकलंच नाही. आईनेसुद्धा नाही! मतदानाआधी जाहीर प्रचार बंद करतात, भोंगे उतरवतात. खिशातला भोंगा कोण उतरवणार?

केंब्रिज अ‍ॅनालिटिका आठवत असेल, फेसबुकवरच्या लोकांची माहिती गोळा करून निवडणूक प्रचारासाठी वापरणारी ब्रिटिश कंपनी. २०१८ साली ते उघडकीला आलं तेव्हा आपण चार दिवस हळहळलो. फेसबुकवर एक व्यक्तिमत्त्व चाचणीचं अ‍ॅप होतं, माहिती त्यातून गोळा झाली. फेसबुकनेच दिलेला हिशेब असा, की भारतात ते फक्त ३३५ जणांनी घेतलं, पण त्यांच्या मित्रयादीतून ५ लाख ६२ हजारांवर लोकांची माहिती बाहेर गेली असावी. जगभरात हा आकडा ८ कोटी ७० लाखांपर्यंत. म्हणजे मी चाचणी दिली नाही तरी माझी माहिती गेली, कारण माझ्या मैत्रिणीने दिली. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेत फेसबुकला ५०० कोटी डॉलरचा दंड झाला. दंड भरला, दुकान चालूच.

त्या कंपनीने स्वतःच्या ताकदीच्या फुशारक्या मारल्या होत्या, अशा चार जाहिरातींनी मत खरंच फिरतं का यावर अभ्यासकांत वाद आहेत, हे मान्य. राजकीय जाहिरातींची यादी फेसबुकवर कुणालाही बघता येते, हेही मान्य. पण आमच्या आईबाबांना ती कुठे सापडणार? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्याची यादी कुठे आहे? मतं मोजायला मी बसलेच नाहीये. बाबांच्या हातून आज काय झालं ते मी बघितलंय.

दादाला फोन केला तर म्हणाला, एवढं काय, कार्डच तर मागितलं. तिथे माझा तोल गेला. दादा, राईनपाडा विसरलास? १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, मुलं पळवणारी टोळी समजून गावाने ठेचून मारले. तिथे कुणाच्या डेटाचीही गरज पडली नाही, फोनवर फिरणारी अफवा पुरली. त्यानंतर तीन आठवड्यांत व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. आता तर कोण एकटं आहे, कोण कशाला घाबरतं हे आधी हेरता येतं आणि मग नेमका त्याच दारावर संशय नेऊन ठेवता येतो. २०२३ साली विदा (म्हणजे डेटा) संरक्षणाचा कायदा झाला, त्यातही सरकारला हव्या त्या सरकारी यंत्रणेला सूट देता येते. कुणाकडे दाद मागायची?

मघाशी बाबांवर ओरडले. आता वाईट वाटतंय. निवृत्त झाल्यावर फोन मीच घेऊन दिला होता, करमत नाही म्हणायचे म्हणून. आम्ही दोघं भावंडं बाहेर. दिवसभर त्यांच्याशी बोलतंय कोण, तर तो फोन. त्याला कळलं त्यांना भीती वाटते, मला नाही कळलं.

संध्याकाळी दोघांचे फोन टेबलावर शेजारी ठेवले आणि दोघांना एकमेकांचे व्हिडिओ दाखवले. आई म्हणाली, "अगं बाई, हा तोच?" बाबा काही बोलले नाहीत. चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मग विचारलं, "चाचा राहतात कुठे गं? स्टँडमागे ना?"

आईलाही नक्की माहीत नाही. रद्दीचा गठ्ठा जिन्याखाली तसाच पडलाय. उद्या सकाळी मी आणि बाबा स्टँडकडे जाऊन विचारणार आहोत.