‘ॲव्हरेज ६४ लावा’ म्हणणाऱ्यांना

लातूरकडच्या पॅनेल दुरुस्तीवाल्यांच्या मोबाईलवर सध्या ऑसिलोस्कोपबद्दल (व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं त्याची रेघ काढणारं यंत्र, आपल्या भाषेत ‘स्कोप’) एक मेसेज फिरतोय: "स्कोप कायम ॲव्हरेज ६४ वर ठेवा. रेघ स्वच्छ, तेच खरं मापन. पीक डिटेक्ट नुसता कचरा दाखवतो. हाय-रेझोल्यूशन म्हणजे ॲव्हरेजच, फक्त नाव वेगळं."

ॲव्हरेज, पीक डिटेक्ट, हाय-रेझोल्यूशन हे स्कोपचे नमुने घेण्याचे मोड. मेसेजमधली पहिली गोष्ट अर्धी खरी आहे. सिग्नल तोच तो परत येत असेल आणि ट्रिगर (रेघ सिग्नलच्या कुठल्या जागेपासून सुरू करायची ती खूण) पक्का असेल, तर ६४ स्वीपच्या (एक स्वीप म्हणजे पडद्यावरची एक पूर्ण रेघ) सरासरीत इकडचातिकडचा नॉईज आठपट कमी होतो. सप्लायचा १०० हर्ट्झचा रिपल (डीसीवर उरलेली लहर) लाइन ट्रिगरवर, म्हणजे मेनच्या विजेशी जुळवून, बघताना मीही ॲव्हरेजच लावतो. पण ६४ पैकी एकाच स्वीपमध्ये ५ व्होल्टची लाइन ३.२ व्होल्टनं खाली आपटली, तर सरासरीत तो खड्डा उरतो ५० मिलिव्होल्टचा. रेघ स्वच्छ दिसते आणि तिकडं बोर्ड रीसेट होत राहतो.

‘कचरा’ हा शब्द मात्र मला जास्त लागला, कारण त्याच समजुतीपायी माझे दोन दिवस गेलेत. एका डाळमिलचं पॅनेल होतं. रिले (कॉइलनं चालणारा स्विच) सुटला की कंट्रोल कार्ड कधीमधी रीसेट व्हायचं. ५ व्होल्टवर प्रोब, टाइमबेस प्रति डिव्हिजन (पडद्यावरचा एक आडवा चौकोन) २० मिलिसेकंद. ॲव्हरेजवर काही नाही, साध्या सॅम्पल मोडवरही काही नाही.

दिसणार तरी कसं? दहा डिव्हिजन म्हणजे २०० मिलिसेकंद. मेमरी १०,००० बिंदूंची असेल, तर दर २० मायक्रोसेकंदाला एक बिंदू. आतला एडीसी (व्होल्टेजचे आकडे करणारी चिप) सेकंदाला १०० कोटी नमुने घेत असला, तरी प्रत्येक बिंदूमागं २०,००० पैकी एकच ठेवतो, बाकीचे टाकून देतो. २ मायक्रोसेकंदाचा काटा (व्होल्टेजचा क्षणिक झटका) त्यात सापडण्याची शक्यता दहात एक. पीक डिटेक्ट त्याच नमुन्यांतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा जपून ठेवतो. तो लावला आणि रिले सुटताक्षणी काटा उभा! आधी प्रोबचं टोक त्याच्याच ग्राउंड क्लिपला लावून बघितलं, म्हटलं हवेतलं काही उचलत असेल. तिथं जवळजवळ काहीच दिसेना, म्हणजे काटा खराच. रिलेच्या २४ व्होल्ट डीसी कॉइलवर, सुटताना ती मारते तो झटका गिळणारा डायोडच नव्हता.

आता, पीक डिटेक्टमध्ये रेघ जाड दिसते हे खरंय, टोकाचेच नमुने ठेवल्यावर दुसरं काय होणार? म्हणून त्यावरून नॉईजचा आकडा काढू नये, एवढंच.

हाय-रेझोल्यूशनचं थोडक्यात. ॲव्हरेज वेगवेगळ्या स्वीपची सरासरी काढतो, हा एकाच स्वीपमधल्या शेजारच्या नमुन्यांची. सरासरीतले नमुने चौपट झाले की साधारण एक बिट (मापनाचा बारकावा) वाढतो, बदल्यात बँडविड्थ घटते, म्हणजे झटपट बदल पुसट होतात. पण एकदाच घडणाऱ्या गोष्टीवरही तो चालतो. मोटर सुरू होतानाचा करंट घ्या: स्टार्टर मेन सप्लायच्या वरखाली होणाऱ्या लाटेवर नेमका कुठं जुळेल याचा नेम नाही, त्यामुळं प्रत्येक वेळची लाट वेगळी. त्यांची सरासरी काढली तर जो आकार येईल, तो त्या मोटरनं कधी घेतलेलाच नसतो. आणि त्यासाठी मोटर ६४ वेळा चालू-बंद करतो म्हटलं, तर मिलमालक आपल्याला प्रोबसकट बाहेर काढील.