कारखाना बंद पाडायला कोण निघालंय? एका सीनाकाठच्या शेतकऱ्याला उत्तर

दादा,

तुम्ही 'सीनाकाठचा शेतकरी' या नावाने लिहिलंत, म्हणून दादाच म्हणतो. साखर कारखान्याची मळीच्या पाण्याची टाकी फुटून नदी आणि विहिरी नासल्या, त्याबद्दल गावकऱ्यांनी लावलेल्या दाव्याची बाजू मी मागच्या लेखात घेतली, त्यावर तुम्ही लिहिलंत. तुमचा राग खरा आहे, त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं नव्हे. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सोलापुरात बसून कारखान्यावरच्या दाव्याची बाजू घेणं सोपं असतं, कारखाना बंद पडला तर उसाचं बिल कोण देणार? टाकी फुटली हा अपघात होता. शहराचं गटार नदीत जातं ते मला दिसत नाही. आणि कोर्टकचेरीत भलं होतं ते फक्त वकिलांचं.

कारखान्याचं नाव मी तेव्हाही घेतलं नव्हतं, आताही घेत नाही. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

मळीचं पाणी आलं त्या सकाळी मी बंधाऱ्यावर होतो. पाणी काढ्यासारखं काळपट तांबडं, वर फेस आणि जळक्या गुळासारखा वास. चिलापी पांढरी पोटं वर करून काठाला लागली होती; जी जिवंत होती ती तोंड पाण्याबाहेर काढून आ वासत होती. एका बाईने म्हैस पाण्यावर आणली. म्हशीने तोंड लावलं, फुर्र केलं आणि मान फिरवली. पलीकडे एक शेतकरी धावत येऊन मोटर बंद करत होता, कारण रात्रभर तेच पाणी त्याच्या उसात चाललं होतं. तो त्याच कारखान्याचा सभासद आहे. दाव्याच्या अर्जावर पहिली सही त्याची आहे. ज्याचा ऊस तिथे जातो, त्याचीच विहीर नासली. मग हा दावा शेतकऱ्याच्या विरोधात कसा म्हणायचा?

अर्जात कारखाना बंद करा अशी मागणीच नाही. विहिरी आणि बंधारा साफ करून द्या, नुकसान भरून द्या, आणि प्रक्रिया न केलेला थेंबही बाहेर पडणार नाही अशी व्यवस्था करा, एवढंच त्यात आहे. तुमच्या-माझ्या बांधावर कुणी दगड टाकले तर आपण वेगळं काय मागतो?

अपघाताचं म्हणाल, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या, म्हणजे पर्यावरणाच्या दाव्यांसाठीच्या कोर्टाच्या, २०१० च्या कायद्यात त्याचं उत्तर आहे. कलम १७ सांगतं की अपघात असला तरी, चूक कुणाची हे सिद्ध न करताही भरपाईची जबाबदारी येते. जो बिघडवेल त्याने भरावं, हे तत्त्व कलम २० मध्ये आहे. टाकी मुद्दाम फोडली असं मीही म्हटलेलं नाही. पण ती टाकी सांभाळायचं काम बंधाऱ्याखालच्या माणसाचं नव्हतं.

गटाराबद्दल तुमचं खरं आहे. मागच्या लेखात त्यावर एक ओळही नव्हती, ती माझी चूक. सोलापूरच काय, उजनी धरणात तर पुणे आणि पिंपरी-चिंचवडचंही सांडपाणी येतं, आणि त्या महापालिकांनाही हाच कायदा लागू आहे. पण तुलना करायचीच तर नीट करू. पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू ओढते, ते बीओडी या मापाने मोजतात. गटाराच्या पाण्याचा बीओडी लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. आसवनीत मळीपासून अल्कोहोल काढल्यावर जे पाणी उरतं, त्या कच्च्या स्पेंटवॉशचा ४०,००० च्या वर सहज जातो. म्हणजे मळीच्या पाण्याचा एक टँकर हा गटाराच्या शंभराहून जास्त टँकरांइतका. चिलापी तोंड बाहेर काढत होती ती यामुळेच.

आता वेळ लागण्याबद्दल. इथे तुमच्याशी वाद नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात रासायनिक कारखान्यांनी विहिरी काळ्या केल्या. दावा १९८९ चा, निकाल १९९६ चा. कंपनीने पुन्हा पुन्हा अर्ज करून पैसे टाळले, तेव्हा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७ कोटींहून जास्त रकमेवर १२ टक्के चक्रवाढ व्याज लावलं. एवढी वर्षं गावाने काय प्यायलं असेल, हा विचार मनातून जात नाही. तरीही दावा नसता तर व्याज सोडाच, मुद्दलही कुणी मागितलं नसतं.

मला जास्त काळजी पुराव्याची वाटते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात नमुन्याची रीत ठरलेली आहे: कारखान्याच्या माणसासमोर घ्यायचा, दोन भाग करायचे, सील करून सह्या घ्यायच्या. आमच्याकडे नमुना घ्यायला माणसं आली तिसऱ्या दिवशी. तोवर काळं पाणी खाली वाहून गेलं होतं, बहुधा तुमच्याच गावाकडे.

म्हणून एक विचारतो. त्या आठवड्यात तुमच्या विहिरीचा किंवा गावातल्या कुणाच्या जनावरांचा पंचनामा झाला होता का? तलाठ्याकडचा, पशुवैद्यकाचा, कसलाही कागद चालेल. तारीख टाकलेले फोटो असतील तर तेही. भरपाईचा अर्ज घटनेपासून ५ वर्षांच्या आत करता येतो, म्हणजे तुमचीही मुदत अजून संपलेली नाही. अर्जात नाव घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण कागद जपून ठेवा. मी रविवारी त्या बाजूला येतोय, तुम्ही म्हणाल तर विहीर बघायला येईन.