चेन आहे म्हणून निर्धास्त राहू नका

एका लेखात फियाटच्या १.३ मल्टिजेट या डिझेल इंजिनाबद्दल 'टायमिंग चेन आहे, बदलायची कटकट नाही' असं म्हटलंय, ते अर्धंच खरं. टायमिंग चेन म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारी साखळी. या १२४८ सीसीच्या इंजिनात ऑइल बसतं जेमतेम तीन लिटरच्या आसपास, आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर त्याच ऑइलच्या दाबावर चालतो. लेव्हल खाली गेली किंवा तेच काळं ऑइल फिरवत राहिलात की चेन सैल पडते. सकाळी थंड इंजिन सुरू करताना खडखड आली तर 'डिझेल आहे, आवाज करणारच' म्हणून सोडून देऊ नका. चेन घसरली की व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडतात, मग बिल विचारूच नका! टर्बोचं बेअरिंगही याच ऑइलवर जगतं. फक्त शहरात रखडत चालणाऱ्या गाड्यांचा ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरतो आणि पिकअप मरतो.

बाकी मारुतीची स्विफ्ट, टाटाची व्हिस्टा, फियाटची पुंटो, सगळ्यांच्या डिझेल गाड्यांत हेच इंजिन असायचं. फियाटचं तर आपल्या रांजणगावात बनायचं. स्विफ्टमध्ये ७५ पीएस ताकद, १९० एनएम टॉर्क (ओढ), पण २००० आरपीएमच्या खाली जीव नाही, घाटात गिअर उतरवावाच लागतो. सेकंडहँड बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच गाडी गरम करून ठेवू देऊ नका, चेनची ती खडखड थंड इंजिन सुरू करतानाच कळते.