राणी शार्लटचं नाक आणि 32,768 पूर्वज

घरच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड भाचीने शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवला, म्हणून लिहितोय. एरवी डिलीट करून मोकळा झालो असतो. म्हणणं असं: इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची जर्मन राणी शार्लट आफ्रिकन वंशाची होती, पुरावा वंशावळीत आणि चेहऱ्यात आहे, इंग्रजांनी तो दडपला.

शार्लट 1744 साली मेक्लेनबुर्गमधल्या मिरोला जन्मली. आईवडील दोघंही जर्मन राजघराण्यातले. तिची एक शाखा पंधराव्या शतकातल्या मार्गारिता दे कास्त्रो इ सौझा या पोर्तुगीज बाईपर्यंत जाते, तिथून मागे राजा तिसरा अफोन्सो आणि त्याची अंगवस्त्र मद्रागाना हिच्यापर्यंत. एवढं मान्य. मद्रागाना 'मूर' होती असं एका पोर्तुगीज इतिहासकाराने लिहिलं, तेही तिच्यानंतर तीनेकशे वर्षांनी. तिथे मूर म्हणजे मुसलमान. कातडीचा रंग त्यातून कळत नाही. ती अरबी वळणाची ख्रिस्ती होती असंही एक मत आहे.

बरं, समजा होती आफ्रिकन. अफोन्सोने मद्रागानाचं गाव फारो जिंकलं 1249 मध्ये. तिथून शार्लटपर्यंत पाचशे वर्षं, ढोबळ पंधरा पिढ्या. पंधराव्या पिढीत पूर्वजांच्या जागा होतात 32,768. राजघराण्यांत नात्यातच सोयरिकी, त्यामुळे तीच माणसं पुन्हापुन्हा येतात, हे धरलं तरी एकटी मद्रागाना उचलून बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचं?

खरा संताप चेहऱ्याच्या मुद्द्याचा. 'राजवैद्य' श्टोकमारने शार्लटचा चेहरा 'मुलाटो' (म्हणजे गोऱ्या-काळ्या मिश्र वंशाचा) म्हटला, हा यांचा हुकमी एक्का. श्टोकमार तिचा वैद्य नव्हताच. तो तिच्या नातजावयाचा, लिओपोल्डचा वैद्य, इंग्लंडला आला 1816 मध्ये, तेव्हा राणी बहात्तर वर्षांची. त्याची टिपणं छापली गेली 1872 मध्ये, दोघंही गेल्यावर. आणि ते टिपण म्हणजे निव्वळ हेटाळणी. कांदेपोहे खाऊन 'नाक जरा बसकंच आहे हो' म्हणणाऱ्या मावशीच्या शेऱ्यावरून कुणी मुलीचं कूळ काढत नाही. नाक-ओठ मापून वंश ठरवायचा धंदा वर्णद्वेष्ट्यांचा. तोच इथे अभिमानाच्या नावाखाली चालवलाय. चित्रकार रॅमझीने काढलेलं तिचं चित्र लगेच पुढे करतात. झोफानी आणि गेन्सबरोनेही तिला रंगवलंय, ती चित्रं फॉरवर्डमध्ये का नाहीत?

दडपलं म्हणे! मद्रागाना पोर्तुगीज इतिहासात उघड छापलेली आहे.

शेवटी फॉरवर्डने तिला दिलेलं ख्रिसमस ट्रीचं श्रेय. 1800 मध्ये विंडसरला तिने मुलांसाठी यूचं (एक सदाहरित झाड) झाड सजवलं, हे खरं. घरोघरी ते पोचलं पुढे व्हिक्टोरियाच्या काळात. पण ती रीत तिच्या मेक्लेनबुर्गच्या माहेरची, पोर्तुगालची नव्हे.